बेडक्यात काही सापडलं नाही, आता फुफ्फुसाची दुर्बीण करा म्हणतात. करावी का?

सोनचाफा | ४ जून, रात्री ९:२०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २७. अडीच महिने खोकला आहे, कोरडा, सकाळी जास्त. संध्याकाळी अंग कोमट लागतं, ताप ९९.५ ते १०० च्या आसपास. वजन ५ किलो उतरलंय. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग आहे आणि सीटीत त्याच जागी बारीक ठिपक्यांचे झुबके दिसतात. रिपोर्टात 'ट्री-इन-बड, क्षयरोगाची शक्यता' असं लिहिलंय. आधी कधी टीबी झालेला नाही. मधुमेह नाही, एचआयव्ही निगेटिव्ह.

दोन वेळा बेडका दिला. दोन्ही वेळा एएफबी (सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचे जंतू बघतात ती तपासणी) निगेटिव्ह आणि जीनएक्सपर्टही (मशीनवर जंतूची जनुकं शोधतात ती) निगेटिव्ह. खरं सांगायचं तर त्याला बेडका पडतच नाही. जे दिलं ती जवळजवळ लाळच होती. आता छातीचे डॉक्टर ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे नळीसारखी दुर्बीण श्वासनलिकेत घालून तपासणी, करू म्हणतात. घरात दोन तट पडलेत. मामा म्हणतात, टीबीच दिसतोय तर सरळ गोळ्या सुरू करा, नळी कशाला घालायची? आईला वाटतं नळी घातली की याचा श्वास कोंडेल. भाऊ स्वतः काहीच बोलत नाही आणि मला तेच जास्त टोचतंय.

ही तपासणी खरंच गरजेची आहे का? केली आणि तरीही काही सापडलं नाही तर? ज्यांची झालीय त्यांनी अनुभव सांगितला तर आईला वाचून दाखवीन.

पायवाट | ४ जून, रात्री ९:४१

भावाला लवकर बरं वाटो. मला यातलं कळत नाही, पण इथे जाणकार आहेत. धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद देतोय.

रानवारा | ४ जून, रात्री १०:०५

माझी झालीय, चार वर्षांपूर्वी. आईंसाठी जरा सविस्तर लिहितो.

आदल्या रात्रीपासून जेवण बंद होतं. घन पदार्थ सहा तास आधीपासून नाहीत, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल असं मला सांगितलं होतं. आत नेल्यावर हाताला सुई, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, नाकाशी ऑक्सिजनची नळी. मग घशात बधिर करणारा फवारा मारतात. कडू असतो, आणि दोन मिनिटांत जीभ जाड झाल्यासारखी वाटते, आवंढा गिळता येत नाही. भीती वाटते ती याच वेळी, कारण घसा आहे की नाही तेच कळत नाही. प्रत्यक्षात श्वास नीट चालू असतो. त्यानंतर गुंगीचं औषध दिलं.

नळी नाकातून घातली. स्वरयंत्राच्या पलीकडे जाताना खोकल्याची जोरदार उबळ आली. तो अर्धा मिनिट वाईट, खोटं बोलत नाही. पुढचं धूसर आठवतं. कुणीतरी "आता थंड पाणी जाईल, खोकला आला तरी चालेल" म्हणत होतं, एवढंच. २०-२५ मिनिटांत बाहेर.

आईंना एक गोष्ट जरूर सांगा. ही दुर्बीण साधारण ५-६ मिलिमीटर जाड असते, पेन्सिलीपेक्षाही बारीक. मोठ्या माणसाची मुख्य श्वासनलिका तिच्या जवळपास तिप्पट रुंद असते. हवा बाजूने येत-जात राहते.

नंतर दोन तास पाणीसुद्धा दिलं नाही. घसा बधिर असताना प्यायलं तर ठसका लागून पाणी फुफ्फुसात उतरतं, म्हणून. संध्याकाळी १०१ ताप आला आणि मी घाबरलो, पण तसं होऊ शकतं हे नर्सताईंनी आधीच बजावलं होतं. सकाळी उतरला. माझ्या फुफ्फुसाचा बारीक तुकडाही तपासायला काढला होता, त्यामुळे दोन दिवस थुंकीत रक्ताची रेघ दिसत होती.

सोनचाफा | ४ जून, रात्री १०:३०

रानवारा, मनापासून आभार. आत्ताच आईला वाचून दाखवलं. पेन्सिलीचं ऐकून ती म्हणाली, "मग हे आधी कुणी का नाही सांगितलं?" तिच्या डोक्यात घशात जाणारा धातूचा पाइप होता.

अनुलोम | ५ जून, सकाळी ६:५०

मी छातीविकारतज्ज्ञ आहे. तुमच्या भावाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सल्ला म्हणून नव्हे, समजून घ्यायला वाचा. निर्णय त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

आईंच्या मनातला धातूचा पाइप अगदीच कल्पनेतला नाही. जर्मनीत गुस्ताव किलियान यांनी १८९७ मध्ये सरळ, कडक नळीतून एका माणसाच्या श्वासमार्गात अडकलेलं हाड काढलं, तिथून ही विद्या सुरू झाली. वाकणारी दुर्बीण जपानच्या शिगेतो इकेदांनी १९६६ मध्ये जगापुढे आणली. भावाची तपासणी या वाकणाऱ्या दुर्बिणीनेच होईल. कडक नळी आजही वापरतात, पण ती मोठा रक्तस्राव किंवा अडथळा यांसारख्या कामांसाठी, पूर्ण भूल देऊन.

आता मामांचा मुद्दा. तो उडवून लावण्यासारखा नाही. रुग्ण खंगलेला असेल, थांबणं धोक्याचं असेल, तर आम्हीही जंतू हाती नसताना औषध सुरू करतो. पण भाऊ हिंडता-फिरता आहे, दोन-तीन आठवडे शोध घेण्याची सवड आहे. आणि शोध घ्यायचा तो केवळ 'टीबी आहे की नाही' एवढ्यासाठी नाही. सीटीतल्या त्या झुबक्यांसारखं चित्र टीबीच्याच जातीच्या पण वेगळी औषधं लागणाऱ्या जंतूंमुळेही दिसतं, कधी इतर संसर्गांमुळेही. वय जास्त असेल तर कर्करोगही मनात ठेवावा लागतो. दुसरं म्हणजे जंतू सापडला तरच त्याच्यावर कोणतं औषध चालतं ते कळतं. रिफाम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या एका मुख्य औषधाला, दाद न देणारा टीबी असेल आणि आपण नेहमीच्या गोळ्या देत राहिलो, तर दोन-तीन महिने वाया जातात आणि उरलेल्या औषधांचीही धार जाते. साध्या टीबीलासुद्धा साधारण सहा महिने औषध घ्यावं लागतं, यकृतावर लक्ष ठेवून. अंदाजावर ते सहा महिने काढणं रुग्णालाही जड जातं. मधेच उलट्या सुरू झाल्या की पहिला प्रश्न येतो, मला खरंच टीबी आहे ना?

तरीही दुर्बिणीआधी मी एक गोष्ट विचारीन. बेडका नीट मिळवण्याचा प्रयत्न झालाय का? ज्यांना कोरडा खोकला असतो त्यांना ३ ते ५ टक्के मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने १५-२० मिनिटं देतात. खोलवरचा ओलावा सुटतो आणि खरा बेडका पडतो. एका दुर्बिणीत जेवढं सापडतं तेवढंच, कधी जास्तही, अशा दोन-तीन वेळा घेतलेल्या बेडक्यांत सापडल्याचं अभ्यासांत दिसलेलं आहे. सोय असेल तर आधी हे करून घ्या.

आणखी एक. मधल्या काळात भावाला लेवोफ्लॉक्सासिन किंवा त्या गटातलं दुसरं अँटिबायोटिक दिलं होतं का? जुने कागद बघून सांगा.

सूक्ष्मदर्शी | ५ जून, सकाळी ८:१५

अनुलोम यांच्या शेवटच्या प्रश्नाला पूर्ण अनुमोदन. मी प्रयोगशाळेत टीबीचेच नमुने हाताळते. लोक निगेटिव्ह म्हणजे 'नाही' असं धरून चालतात, म्हणून आकडे देते.

काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० असावे लागतात. जीनएक्सपर्टच्या पहिल्या आवृत्तीला सुमारे १३० पुरतात, नव्या 'अल्ट्रा'ला १६ च्या आसपास. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघतात त्यात, १० ते १०० जिवंत जंतू असले तरी उगवू शकतात, पण वाट पाहावी लागते. द्रव माध्यमात सहा आठवड्यांपर्यंत, घन माध्यमात आठ. लाळेच्या नमुन्यात यातलं काहीच पुरेसं नसतं. तेव्हा भावाचे ते दोन रिपोर्ट निगेटिव्ह न मानता 'नमुनाच नव्हता' असं मानलेलं बरं.

दुर्बिणीतून जे पाणी येतं त्याबद्दलही गैरसमज आहे. त्या भागात सलाइन सोडून परत ओढतात, त्याला लॅव्हाज किंवा बीएएल म्हणतात. एकूण १०० मिलिलिटर किंवा जास्त सलाइन थोडंथोडं करून सोडतात, त्यातलं निम्मंच परत येतं कधीकधी. जंतू त्यात पातळ होतात. शिवाय बधिर करायला वापरतात ते लिग्नोकेन टीबीच्या जंतूंची वाढ दाबतं. ते नमुन्यात फार मिसळलं तर कल्चर बिघडू शकतं. त्यामुळे दुर्बिणीत नाही सापडलं म्हणजे टीबी नाहीच, असंही नाही.

मुक्तछंद | ५ जून, दुपारी १:३०

हे लिहू की नको असा विचार करत होतो. तुमच्या भावाच्या बाबतीत हे घडू नये म्हणून लिहितो.

माझ्या आईची ब्रॉन्कोस्कोपी झाली. डॉक्टर चांगले होते, तपासणीही सुरळीत झाली. फुफ्फुसातून पाच तुकडे काढले आणि पाचही एकाच बाटलीत टाकले. ती बाटली फॉर्मॅलिनची होती. दहा दिवसांनी रिपोर्ट आला, 'ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसतात तशा पेशींच्या बारीक गाठी), क्षयरोगाशी सुसंगत'. आम्हाला हायसं वाटलं. औषध सुरू केलं. तीन महिने झाले तरी ताप हटेना. कल्चर कुठंय म्हणून विचारायला गेलो, तर पाठवलेलंच नव्हतं. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यातून आता काही उगवणार नाही, असं उत्तर मिळालं. लॅव्हाजचं पाणीही फक्त कर्करोगाच्या पेशी बघायला दिलेलं होतं.

आईची दुर्बीण दुसऱ्यांदा करावी लागली. ६४ वर्षांची बाई, आधीच खंगलेली. या वेळी कल्चर पाठवलं आणि रिफाम्पिसिनला दाद न देणारा जंतू निघाला. औषधं बदलली, आता ती बरी आहे. पण ते तीन महिने आणि तो दुसऱ्यांदाचा त्रास मी विसरू शकत नाही. तपासणीच्या आधी एवढंच विचारायचं होतं, कोणता नमुना कुठे जाणार? ते विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

सूक्ष्मदर्शी | ५ जून, दुपारी २:१०

मुक्तछंद, वाचून फार वाईट वाटलं. आणि हे क्वचित घडत नाही. आमच्याकडे फॉर्मॅलिनमधला तुकडा 'टीबी कल्चर' अशा चिठ्ठीसह येतो, तेव्हा तो परत पाठवण्यापलीकडे आमच्या हाती काही उरत नाही.

सोनचाफा, हे कागदावर उतरवून घ्या. तुकडे काढले तर निदान एक-दोन निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळे ठेवायचे, कल्चर आणि जीनएक्सपर्टसाठी. फॉर्मॅलिनमध्ये जातील ते पॅथॉलॉजीसाठी. लॅव्हाजच्या पाण्यातून एएफबी, जीनएक्सपर्ट आणि द्रव माध्यमातलं कल्चर ही तिन्ही मागवलेली हवीत, शिवाय बुरशीची तपासणी. नमुना लगेच पोचणार नसेल तर थंड ठेवायचा, २ ते ८ अंशांत. तुम्ही विचारलंत म्हणून कुणी चिडणार नाही. चिडलं तरी विचारा.

कातळशिल्प | ५ जून, सायंकाळी ७:००

वेगळा अनुभव. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही दुर्बीण नाकारली. वय ७८, हृदयविकाराचा झटका येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. बेडका निगेटिव्ह, तरी औषध सुरू केलं आणि ते बरे झाले. प्रत्येकाला दुर्बीण हवीच असा सूर लागू नये, एवढंच.

अनुलोम | ५ जून, रात्री ९:४५

कातळशिल्प, तुमचा निर्णय योग्यच होता. झटक्यानंतर निदान चार-सहा आठवडे दुर्बीण टाळावी असाच संकेत आहे. ऑक्सिजन फार कमी असेल, हृदयाची लय बिघडलेली असेल, तरीही थांबतो. नुसता लॅव्हाज बहुतेकांना झेपतो, तुकडा काढताना जोखीम वाढते. फुफ्फुसाच्या कडेचा तुकडा घेताना शंभरातल्या एक ते पाच जणांच्या छातीत हवा शिरू शकते, म्हणून नंतर एक्स-रे काढतात. रक्तस्रावाची भीती असतेच. क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध, चालू असेल तर तुकड्याआधी ५ ते ७ दिवस बंद करतात, तेही हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, परस्पर नाही.

पारिजात | ६ जून, सकाळी ११:२०

दुर्बीण झाली नसती तर आमच्या बहिणीचं निदान कधीच झालं नसतं, म्हणून दुसरी बाजूही लिहिते. वय ३१. आठ महिने दम्याचे पंप घेत होती. एक्स-रे जवळपास स्वच्छ. बेडका निगेटिव्ह. एका डॉक्टरांनी दोन्ही बाजूंना कान लावून ऐकलं आणि म्हणाले, सूं-सूं आवाज फक्त डावीकडे येतोय, दमा असा एकाच बाजूला राहत नाही. दुर्बीण घातली तर डाव्या मुख्य नलिकेच्या भिंतीवर पांढरा, पनीरसारखा थर. नलिकेच्या आतल्या अस्तराचाच टीबी. तो खरवडून घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडले.

औषधाने जंतू गेले, पण नलिका बरी होताना आकसली. पुढे फुग्याने रुंद करावी लागली.

अनुलोम | ६ जून, दुपारी ३:००

ही तर दुर्बिणीची हक्काची जागा. असा टीबी तरुण स्त्रियांत जास्त दिसतो आणि दमा समजून महिनोन्‌महिने फिरत राहतो. तिथे दुर्बीण नमुना तर मिळवून देतेच, शिवाय नलिका किती सुजलीय, किती आकसलीय हे डोळ्यांनी दाखवते. बेडका कितीही चांगला असला तरी हे दाखवू शकत नाही. छातीच्या मधल्या गाठी वाढल्या असतील तर टोकाला सोनोग्राफी असलेल्या दुर्बिणीतून, 'ईबस'मधून, सुईने त्यांचा नमुना घेता येतो. आणि मिलिअरी, म्हणजे दोन्ही फुफ्फुसांत मोहरीसारखे दाणे पसरलेला टीबी. त्यात बेडका अनेकदा निगेटिव्ह येतो, तुकड्यात ग्रॅन्युलोमा लवकर दिसतो.

सोनचाफा | ७ जून, रात्री ८:१०

जुने कागद सापडले. पहिल्या डॉक्टरांनी खरंच लेवोफ्लॉक्सासिन दिलं होतं, १० दिवस. त्याने तेव्हा खोकला थोडा कमी झाला होता, म्हणून आम्ही अजून महिनाभर थांबलो.

अनुलोम | ७ जून, रात्री १०:००

हेच कारण विचारण्याचं. हे औषध टीबीच्या जंतूंवरही काम करतं. एकट्याने बरं करत नाही, पण त्यांची संख्या काही काळ खाली आणतं. रुग्णाला बरं वाटतं, तपासण्या निगेटिव्ह येतात आणि निदान लांबतं. डॉक्टरांना हा कागद दाखवाच.

सोनचाफा | ११ जून, दुपारी ४:३०

वाफ देऊन दोन दिवस दोन नमुने घेतले. बेडका या वेळी घट्ट, पिवळसर पडला. एएफबी आणि जीनएक्सपर्ट दोन्ही वेळा निगेटिव्ह, कल्चर लावलंय. डॉक्टरांनी धाग्यातले सगळे मुद्दे ऐकून घेतले. लेवोफ्लॉक्सासिनचं बघून म्हणाले, आता दुर्बीण करूच. १४ तारखेला सकाळी. भावाने पहिल्यांदा तोंड उघडलं. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं की मी बाहेर बसणार ना.

दहिवर | ११ जून, सायंकाळी ६:१५

मी ब्रॉन्कोस्कोपीच्या खोलीत नर्स आहे. दोन गोष्टी सांगते.

टीबीचा संशय असलेल्या रुग्णाचा नंबर आम्ही शक्यतो शेवटी लावतो. तासाला १२ वेळा तरी हवा बदलणारी खोली, सगळ्यांना एन-९५. खोकल्यातून जंतू हवेत उडतात, म्हणून. भावाला शेवटपर्यंत ताटकळावं लागलं तर तो अपमान समजू नका.

दुसरी गोष्ट हमखास राहून जाते. दुर्बिणीनंतर पुढचे एक-दोन दिवस ओलसर खोकला येतो. फुफ्फुस ढवळलं गेलेलं असतं. त्या वेळचा बेडका, विशेषतः दुसऱ्या दिवशी सकाळचा, फेकू नका. आधीच डब्या मागून घ्या.

सोनचाफा | १४ जून, रात्री ९:००

झाली. १८ मिनिटं. लॅव्हाज घेतला, चार तुकडे काढले. दोन सलाइनमध्ये, दोन फॉर्मॅलिनमध्ये. डॉक्टरांनी बाटल्या मला दाखवल्या. मुक्तछंद, त्या क्षणी तुमच्या आईंची आठवण झाली. एक्स-रे ठीक. आत्ता १००.८ ताप आहे. डब्या उशाशी ठेवल्यात.

सोनचाफा | १६ जून, दुपारी १२:४०

लॅव्हाजच्या अल्ट्राचा रिपोर्ट: 'एमटीबी डिटेक्टेड, ट्रेस. रिफाम्पिसिन रेझिस्टन्स इनडिटरमिनेट.' म्हणजे नक्की काय? आहे की नाही?

अनुलोम | १६ जून, दुपारी १:३०

एमटीबी म्हणजे टीबीचा जंतू, आणि ट्रेस म्हणजे त्याचा अगदी पुसट अंश. जंतूच्या काही खुणांच्या अनेक प्रती असतात, त्या मशीनला सापडल्या. पण ज्या जनुकावरून रिफाम्पिसिनचं कळतं त्याची एकच प्रत असते, ती हाती लागण्याइतके जंतू नमुन्यात नव्हते. पूर्वी टीबी होऊन गेलेल्यांत मेलेल्या जंतूंचे अवशेषही 'ट्रेस' दाखवतात, म्हणून तिथे सावध राहतो. भावाला आधी टीबी नाही, लक्षणं आहेत, सीटी जुळतोय. माझ्या मते हे महत्त्वाचं आहे, पण एकट्या ट्रेसवर न थांबता नवा नमुना तपासावा. १५ तारखेचा सकाळचा बेडका पाठवलात का?

सोनचाफा | १६ जून, दुपारी १:४५

हो! दहिवरताईंमुळे पाठवलाय. रिपोर्ट यायचाय.

सोनचाफा | १७ जून, सायंकाळी ५:२०

त्या बेडक्यात: 'एमटीबी डिटेक्टेड, व्हेरी लो. रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड.'

उद्यापासून औषध. आई देवापाशी बसलीय. मामांचा फोन आला होता, म्हणाले बरं झालं थांबलात.

दहिवर | १७ जून, सायंकाळी ६:००

डोळे भरून आले. भावाला शाबासकी सांगा.

सोनचाफा | ८ जुलै, रात्री ८:३०

राहिलेलं कळवते. तुकड्यांत ग्रॅन्युलोमा सापडले. लॅव्हाजचं कल्चर २२ व्या दिवशी पॉझिटिव्ह आलं, त्यावर आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या मुख्य औषधाची तपासणीही झाली, तेही चालतंय. वाफेच्या नमुन्यांत अजून काही उगवलेलं नाही. ताप गेलाय, वजन दीड किलो वाढलं. आईचा एकच प्रश्न राहिलाय. बरा झाला हे बघायला पुन्हा दुर्बीण करावी लागेल का?

अनुलोम | ८ जुलै, रात्री ९:१०

नाही. वजन, ताप, खोकला, पडला तर बेडका आणि शेवटी एक एक्स-रे, एवढ्यावर लक्ष ठेवतात. पारिजात यांच्या बहिणीसारखा एका बाजूला सूं-सूं आवाज राहिला किंवा चढताना नव्याने दम लागू लागला, तरच आत डोकावायचं. आईंना सांगा, निवांत झोपा.